तिसरा ग्लास

नोकरी गेल्यावर दीपा टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरात कुढत बसेल, या धास्तीने प्रतापने कॅलिफोर्नियाची तिकिटं काढली. शॅम्पेनच्या पद्धतीने वाइन करणारी एक जुनी वाइनरी बघायची, चार घोट घ्यायचे आणि परतायचं, एवढाच नवऱ्याचा बेत.

तळघरात गारठा होता. लाकडी फळ्यांच्या भोकांत हजारो बाटल्या मान खाली घालून उभ्या होत्या.

"रोज जराशी फिरवायची," गाईड मार्था सांगत होती, "म्हणजे आतला गाळ तोंडाशी उतरतो."

"आणि एखादी फिरवायची राहिली तर?" दीपाने विचारलं. तिचे प्रश्न काही संपेनात.

वर चाखायला बसल्यावर पहिले दोन ग्लास छान लागले. तिसरा हातात येताच टेबलावरचे सगळे वाहवा करू लागले. दीपाने नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"ही बाटली खराब आहे."

"अगं, काहीतरीच काय!" प्रताप मराठीत कुजबुजला. "गप्प प्यायची ना, यार."

मार्था हसली. "आमची सगळ्यात महागडी वाइन आहे ही. सवय नसेल तर वेगळी वाटते."

दीपाचे कान तापले. पण तिने पुन्हा वास घेतला. तोच. "भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. दुसरी बाटली उघडा, शेजारी ठेवून बघू."

मार्थाने नाइलाजाने तळघराचा प्रमुख ऑस्कर याला बोलावलं. त्याने दुसरी बाटली उघडली, दोन्ही ग्लास हुंगले आणि दीपाचा सरळ ओतून दिला.

"बुचामुळे होतं असं. बाईंचं बरोबर आहे." तो दीपाकडे वळला. "तुम्ही या धंद्यात आहात?"

"नाही. यायचंय." बोलून गेल्यावर तिलाच कळलं की हे खरं आहे.

"ऑगस्टमध्ये हंगामाला माणसं घेतो आम्ही. पहाटे पाचला सुरुवात. पिंपं धुवायची, पाइप ओढायचे. पाठ मोडते."

"एक्कावन्न वर्षांची आहे मी. अर्ज कुठे भरायचा?"

ऑस्करने हसू दाबलं आणि कागदावर वेबसाइटचा पत्ता लिहून दिला.

गाडीत बसल्या बसल्या तिने फोनवर अर्ज भरला. प्रताप किल्ली न फिरवता तिच्याकडे बघत राहिला.

"सीरियसली? दोन महिने?"

"तीन."

"आणि मी?"

"वीकेंडला ये," दीपा म्हणाली, आणि तिने अर्ज पाठवून दिला.