घड्याळवाल्यासमोर

स्वीडनमधल्या बुरोस गावी शर्टांच्या कारखान्यात एक अलिखित कायदा होता: कामाचा वेळ मोजणारा घड्याळवाला एकब्लाड पाठीशी येऊन उभा राहिला की हात जड करायचे, सावकाश शिवायचं. एका कॉलरीला किती वेळ लागतो, यावर सगळ्यांच्या मजुरीचा दर ठरे. एकीनं चपळाई दाखवली की बाकीच्यांच्या पोटावर पाय. नव्या बाईला सुई ओवण्याआधी हे शिकवलं जाई. तिथं वर्षानुवर्षं शिवणाऱ्या गुनवोरनं तर कितीजणींना शिकवलं होतं.

आणि तिनंच माती खाल्ली.

एकोणसत्तर साली मालकांनी पोर्तुगालात दुसरा कारखाना काढला, कारण तिथं मजुरी स्वस्त. तिथून लुर्देस नावाची तरुण शिवणारी शिकायला आली आणि गुनवोरशेजारी बसली. गुनवोरच्या हातांकडे ती अशी काही बघत राही, की बाई फुलून गेली. इतक्या वर्षांत तिच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं, घरी तर नाहीच नाही. एका सकाळी पोरीला दाखवायला म्हणून तिनं कॉलरींचा ढीग पाडला. मागे एकब्लाड आहे हे तिला कळलं, तेव्हा तो घड्याळ खिशात टाकत होता.

आठवड्याभरात दर उतरला. साहेब म्हणाले, पोर्तुगालसमोर टिकायचं तर एवढा वेग ठेवावाच लागेल, आणि तो जमतो हे गुनवोरनं दाखवलंच आहे. लुर्देसलाही हा वेग जमला, तर तिथल्या बायकांनाही तोच लावू.

कॉफीच्या सुट्टीत कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेपासूनची मैत्रीण इंगेयेर्ड, तिनं दालचिनीच्या बनची बशी पुढं सरकवली.

"खा गं," ती म्हणाली. "दमली असशील."

गुनवोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान या पोरीच्या हातून तरी असं होऊ नये, एवढंच आता तिच्या मनात होतं.

लुर्देसच्या शेवटच्या दिवशी एकब्लाड तिच्या पाठीशी आला. पोरगी जीव तोडून शिवत होती. तिला स्वीडिश येत नव्हतं, गुनवोरला पोर्तुगीज. गुनवोरनं तिच्या मनगटावर हात ठेवून हळूच दाबला.

लुर्देसनं वर पाहिलं. आधी ती गोंधळली, मग दुखावली. शिकवणाऱ्या बाईला आपलं बघवत नाही, असंच तिला वाटलं. तिनं हात सोडवून घेतला आणि आणखी जोरात मशीन सोडलं.

"राहू दे गुनवोर," एकब्लाड हसून म्हणाला. "पोरगी तुझ्या पुढं गेली. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

ते सगळ्यांनी ऐकलं. इंगेयेर्डनं मान वर केली नाही. तसं नाही, असं ओरडून सांगावं म्हणून गुनवोरनं तोंड उघडलं. पण घड्याळवाल्यासमोर सांगणार काय? शिवाय तो हात दाबताना पोरीचं न बघवणंही मनात थोडं होतं, आणि ते तिचं तिला ठाऊक होतं. तिनं खाली मान घातली आणि पुढची कॉलर ओढली.