दोन घरांपुरता ब्लोअर

बर्फ उडवायच्या माझ्या जुन्या ब्लोअरमध्ये काहीही बिघाड नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या मंगळवारी दुकानात डेनी बोशॉनं पहिला प्रश्न तोच विचारला आणि मी मानेचं कारण पुढे केलं.

"लाइल, तुझा तो मागे जोडायचा ब्लोअर मीच विकला होता तुला. दणकट माल आहे. मोडला की काय?"

"नाही. मान दुखते," मी म्हणालो.

मान दुखतच होती, म्हणजे खोटं नव्हतं. मागचा ब्लोअर जोडला की ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. आमच्याकडे सरोवरावरून वारं सुटलं की एका हिवाळ्यात पंचवीस फूट बर्फ पडतो, आणि तेवढा सगळा वेळ माणूस मान मागे वळवून घुबडासारखा बसतो. पण बारा वर्षं दुखणारी मान मला याच ऑक्टोबरात आठवली, यामागचं कारण वेगळं होतं. ते यंत्र मला डोळ्यांसमोर नको होतं. शेडचं दार उघडलं की ते दिसायचं आणि माझा सकाळचा घास कडू व्हायचा.

मिसेस ओया माझ्याबरोबर होत्या. दर मंगळवारी मी त्यांना वाणसामानासाठी गावात नेतो. त्या एकोणऐंशीच्या, मी एकसष्ठचा, आणि माझा जन्म त्यांच्या घरासमोरच्या घरात झालेला. त्यामुळे सगळा रस्ता त्यांना आयली म्हणतो, पण माझ्या तोंडी अजून मिसेस ओयाच येतं. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांच्या दारापर्यंतची वाट मी मोकळी करतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या रस्त्यावर असं सांगावं लागत नाही; ज्याच्याकडे ट्रॅक्टर, त्यानं शेजारच्या म्हाताऱ्या माणसाची वाट करायची. पैसे कुणी देत नाही, दिले तर समोरच्याला राग येतो. शनिवारी वेलदोड्याच्या गोड पावाची वेणी कागदात गुंडाळून माझ्या पायरीवर ठेवलेली असते, एवढंच.

"मान दुखते तर मग पुढचाच घे," डेनीनं आम्हाला मागच्या अंगणात नेलं. रांगेनं यंत्रं उभी होती, लाल, केशरी, सगळी दात विचकून. "हे बघ, पुढे जोडायचं. समोर बघत चालवायचं, माणसासारखं. तुझ्या ट्रॅक्टरला पोटाखालून पीटीओ आहे ना, यंत्र फिरवणारा दांडा? मग बसेल. रुंदी सव्वापाच फूट, चाकांच्या बाहेरपर्यंत येतं. आणि ही सोंड बघ."

सोंड म्हणजे बर्फ बाहेर फेकणारा लोखंडी नळ. तो ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला बर्फ उडतो, तीसचाळीस फूट.

"तुझ्या जुन्याला हँडल फिरवावं लागतं, आणि ते गोठतं. बरोबर? याला बटण आहे. बसल्या जागी सोंड वळते. चुकून कुणाच्या खिडकीवर बर्फ जायचा प्रश्न नाही." डेनी हसला.

मी हसलो नाही. 

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी साडेसहाला मी आधी माझी वाट केली. वारा पश्चिमेचा होता म्हणून सोंड डावीकडे वळवली होती. मग रस्ता ओलांडून उलटा त्यांच्या अंगणात शिरलो. तिथे सोंड उजवीकडे हवी, कारण डावीकडे त्यांच्या घराची भिंत आहे, आणि भिंतीत गुडघाभर उंचीवर एक पांढरा पाइप आहे. घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या गॅसच्या भट्टीचा धूर त्यातून बाहेर जातो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. तो पाइप बसवताना भिंतीला भोक मीच पाडलं होतं. पण हँडल गोठलं होतं. खाली उतरायचं, हातोडीनं ठोकायचं, वारा तोंडावर घ्यायचा, याचा मला कंटाळा आला. एकदा राहू दे, म्हटलं. भिंतीला थोडा बर्फ लागला तर काय बिघडतंय.

तासाभरानं पाहिलं तर त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला नव्हता. नेहमी सातला लागतो. गेलो तर आत विषारी वायूचा अलार्म कोकलत होता आणि मिसेस ओया जिन्याच्या खालच्या पायरीवर पडलेल्या. मी त्यांना उचलून बाहेर गाडीत ठेवलं, अॅम्ब्युलन्सला फोन केला, आणि ती येईपर्यंत हातांनीच पाइपवरचा बर्फ उपसला. सगळ्यांना वाटलं मी किती हुशारीनं वागलो. त्या रविवारी चर्चमध्ये पास्टरनं प्रार्थनेत माझं नाव घेतलं. मिसेस ओयांची मुलगी मार्लीन ग्रीन बेहून आली तेव्हा तिनं मला मिठी मारून रडून घेतलं. मी लाकडासारखा उभा राहिलो आणि काही बोललो नाही. नंतर बोलू म्हटलं, आणि नंतर कधी येतं हे आपल्याला ठाऊकच आहे. मी भेकड आहे, दुसरं काही नाही.

"वाट किती लांब आहे तुझी?" डेनीनं वही काढली. "दोन घरं ना? तुझं आणि आयलीबाईंचं?"

"दोन," मी म्हणालो.

"एक लिही," मिसेस ओया म्हणाल्या.

त्या एका गवत कापायच्या गाडीच्या सीटवर टेकल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन.

"मी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला जातेय ग्रीन बेला. कायमची. म्हणून म्हणते, लाइल, उगाच मोठं घेऊ नकोस. एका घराला तो साडेचार फुटी पुरेल. तो डेनी काय, विकायलाच बसलाय."

"बघा, गिऱ्हाईक तोडतात या बाई," डेनी म्हणाला.

"कायमच्या कशाला?" मी विचारलं.

"अरे, आता एकटीनं राहणं बरं नाही. मार्लीननं डॉक्टरकडे नेलं होतं. त्यानं मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, लहान मुलासारखं. काढलं मी नीट. पण मला माहीतंय ना माझं काय झालंय." त्यांनी पर्सची कडी उघडली आणि मिटली. "त्या दिवशीचा पाइप. आदल्या संध्याकाळी मी फावडं घेऊन तो मोकळा केला, हे मला आजही अगदी डोळ्यांसमोर दिसतं. हातमोजा ओला झाला होता तेसुद्धा आठवतं. आणि सकाळी बघतात तर पाइप गाडलेला. वारंही तसं नव्हतं. म्हणजे मी केलंच नव्हतं. जे केलं नाही ते मला आठवतं. अशा बाईनं गॅसजवळ जाऊ नये."

"मिसेस ओया."

"आता मी काय करते सांगू? कॉफी ठेवली की शेगडीपुढे खुर्ची टाकून बसते. उठले तर विसरेन म्हणून. सॉनाची वाफेची न्हाणी तर मार्चपासून पेटवलीच नाही. कोण जाणे, आग लावून बसायचे." त्या स्वतःशीच हसल्या. "चल, लिही रे डेनी, एक घर."

मला वाटलं होतं मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. खरं तर मी त्यांचं डोकंच त्यांच्यापासून काढून घेतलं होतं. आठ महिने ही बाई शेगडीपुढे राखणीला बसत होती आणि मी समोरच्या घरात, त्यांनीच केलेला पाव लोणी लावून खात होतो.

"तुम्ही पाइप मोकळा केला होता," मी म्हणालो.

"माझी समजूत घालू नकोस."

"समजूत नाही घालत. केला होता. मी उपसला ना तो बर्फ, हातानं. त्यात खडी होती."

डेनीची पेन्सिल थांबली. मिसेस ओयांनी मान वर केली. दुसऱ्या कुणाला मला पुढचं सांगावं लागलं असतं. पण त्यांनी याच किनाऱ्यावर एकोणऐंशी हिवाळे काढलेत. वाऱ्यानं आणलेल्या बर्फात खडी नसते. खडी असते ती वाटेवरून यंत्रानं उचलून फेकलेल्या बर्फात.

 डेनी म्हणाला की त्याला आत किमतीचा कागद बघायचाय, आणि तो गेला.

"सोंड डावीकडे होती?" त्यांनी विचारलं.

"हँडल गोठलं होतं. मला उतरायचा कंटाळा आला."

"कधी कळलं तुला?"

"तेव्हाच. पहिली ओंजळ उपसली तेव्हाच."

"म्हणजे मी दवाखान्यातून आले आणि तुला म्हटलं, लाइल, माझं डोकं चालेनासं झालंय, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू म्हणालास, वयानं होतं असं."

हे मी विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. मी तसं म्हणालो होतो, त्यांच्याच स्वयंपाकघरात, कॉफीचा कप हातात धरून. मी माफ करा म्हणालो. एवढासा शब्द. त्यांनी ऐकला की नाही कोण जाणे, कारण त्या पर्समध्ये फोन शोधत होत्या.

"हा घे. मार्लीनला लाव आणि सांग. मला सांगितलंस तसंच, खडीसकट."

मी तिथेच, त्या यंत्रांच्या रांगेत उभा राहून सांगितलं. मार्लीननं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "मी तुमच्या गळ्यात पडून रडले होते." मग म्हणाली, "आईला द्या."

"नाही, रडत नाहीये मी," मिसेस ओया फोनवर म्हणाल्या. "आणि येतही नाहीये. माझ्यासाठी ठेवलेली खोली भाड्यानं दे कुणाला तरी. हो. हो, अगदी नक्की. घरी जाऊन आधी सॉना पेटवणार आहे."

डेनी कागद घेऊन बाहेर आला तो चोरपावलांनी.

मला त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, हलकं वाटलं. मी म्हणालो, "डेनी, पुढचाच दे. बटणाचा. दोन घरं लिही."

"एकच लिही," मिसेस ओया म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. डेनीनं माझ्याकडे पाहिलं.

"मी राहणार आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वाटेवर हा येणार नाही. माझी मी सोय करीन. आणि लाइल, लोक विचारतील. मी कुणाला काही सांगणार नाही. तू सांगायचंस."

परतीच्या अठरा मैलांत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. दारात उतरताना त्यांनी पिशव्यांना मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी त्यांच्या सॉनाच्या धुराड्यातून धूर निघाला, आणि मी तो खिडकीतून अंधार पडेपर्यंत बघितला.

ब्लोअर मी सव्वापाच फुटीच घेतला. माझी वाट आता अकरा मिनिटांत होते. पूर्वी दोन्ही मिळून तास लागायचा, आणि त्या तासाला मी किती शिव्या दिल्या असतील.

लोक विचारतात. टपालवाल्यानं विचारलं, पास्टरनं विचारलं, मी दोघांनाही सांगितलं. पास्टरला सांगणं सोपं गेलं, त्याचं कामच ते आहे. डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा मिसेस ओयांची वाट करायला ट्रुडेल आला, आठ मैलांवरून, पैसे घेऊन काम करणारा माणूस. त्यानं गाडी माझ्या फाटकाशी उभी केली आणि काच खाली घेतली.

"तू समोरच राहतोस. यंत्र तर नवंकोरं दिसतंय. मग या बाई मला कशाला बोलावतात?"

मी ट्रॅक्टर बंद केला आणि त्याला सगळं सांगितलं. हँडल, कंटाळा, खडी, आठ महिने. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला शिव्या दिल्या नाहीत आणि धीरही दिला नाही.

"पाइप नक्की कुठे आहे?" त्यानं विचारलं.

रस्ता न ओलांडता मी त्याला बोटानं जागा दाखवली.