अर्ध्यावर ठेवलेली नोंद

घरोघरी जाऊन औषधं देणाऱ्या सिस्टरांचा फोन आला तेव्हा ती चहा पिऊन ऑफिसात नुकतीच जागेवर येऊन बसली होती.

“ताई, मी शिंपीबाबांच्या दाराशी उभी आहे. ‘पोहोचले’ दाबलं, तर नुसतं चक्र फिरतंय. किल्लीचा नंबर काही येईना.”

दाराशेजारी भिंतीवर किल्लीची छोटी पेटी होती. सिस्टरांनी ॲपमध्ये ‘पोहोचले’ दाबलं, की पेटीचा नवा नंबर तयार होऊन त्या घराच्या नोंदीत चढायचा. त्याआधी तो कुठेच नसायचा. बाबा अंथरुणाला खिळलेले. दुपारचं इंजेक्शन सिस्टरांच्या पिशवीत, बाबा खाटेवर, आणि मध्ये दार.

“फोन बंद करून पाहिलात?”

“पाहिला की. समोरच्या आजींचं घर आत्ताच उघडून आले. बाबांचंच अडलंय. आतून हाका मारतायत हो ते.”

तिने डेटाबेसचं टूल उघडलं. किती घरांची दारं, किती जणांची औषधं ओळीओळीने तिथे जागी होती. वाचायचं तेही जपून, आणि हात लावायचा तर त्याहून जपून.

शेजारी ‘सावकाश’ बसायचा. टीममधला सगळ्यात जुना माणूस. बोलायच्या आधी ‘सावकाश’ म्हणायचा, म्हणून तेच नाव पडलं. चालू डेटात बदल करायला घेतला की मॉनिटरच्या कोपऱ्याला लाल रुमाल अडकवायचा, काम पक्कं झालं की काढायचा, ही रीत त्याचीच.

“बाबांची नोंद कुणीतरी धरून ठेवलीय,” ती त्याला म्हणाली. “बदल केलाय आणि पक्का न करता सोडून दिलाय. ती नोंद सुटेपर्यंत सिस्टर रांगेत.”

“सावकाश. कुणी धरलीय, ते डेटाबेसलाच विचार.”

“विचारतेय. सापडू दे तो शहाणा, बघतेच त्याच्याकडे.”

तिने प्रश्न लिहिला, चालवला. उत्तराची एकच ओळ आली. ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं.

सावकाशने बोट वर केलं. तिच्या मॉनिटरच्या कोपऱ्याला लाल रुमाल लोंबत होता.

सकाळी बाबांच्या लेकीचा फोन आला होता. लांब राहणारी लेक. ‘बाबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. कुणी एकदम हात लावला की दचकतात, मग दिवसभर थरथरतात. तेवढं लिहून ठेवाल का?’ फोन ठेवून इकडे तिने ते बाबांच्या सूचनेत लिहिलं, नोंदीत चढवलंही. पण शब्द कोरडे वाटले. लेकीच्या आवाजातली माया त्यांत उतरेना. चहा घेऊन येते, मग नीट लिहून पक्कं करते, असं म्हणून ती उठली होती.

त्या मायेनेच दार लावून घेतलं होतं.

“बदल मागे घेतेस की पक्का करतेस?” तिच्या स्क्रीनवरची सूचना वाचत सावकाशने विचारलं. “पक्का केलास तर तेच कोरडं वाक्य सिस्टर वाचतील.”

तिने बदल मागे घेतला. नोंद सुटली.

“आला नंबर,” फोनवर सिस्टर म्हणाल्या. पेटी खटकली, दार करकरलं.

“सिस्टर, फोन चालू ठेवा. डाव्या बाजूने जा. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. आणि हात लावायच्या आधी…” ती अडखळली.

“आधी सांगते की, मी आलेय म्हणून. त्यात काय एवढं.” मग सिस्टरांचा आवाज मऊ झाला. “बाबा, मी आले हो. बसू का तुमच्याजवळ?”

“मग बस ना,” म्हातारा आवाज म्हणाला. “कधीची घुटमळतेयस दाराशी. मला वाटलं, माप द्यायला आलीस आणि लाजतेयस.”

सिस्टर हसल्या. फोन ठेवला.

तिने सूचना पुन्हा लिहायला घेतली. या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत. ‘डाव्या बाजूने जा. “बाबा, मी आले हो, बसू का?” असं विचारा. ते बस म्हणाले, की मग हात लावा.’

लगेच पक्कं केलं. मग उभी राहून तिने रुमाल काढला, घडी घातली.

“चहा घेणार?” सावकाशने विचारलं.

“आता घेते,” ती म्हणाली.