गेरूचा ठिपका

"बाबा, तुम्हाला करोना होऊन गेलाय ना?" डॉक्टर वर्षाराणींनी विचारलं, तसा रखमाजी खुर्चीत ताठ बसला. या प्रश्नाची तो वाटच बघत होता.

"झाल्ता की! इथंच जालन्यात होतो, नाकाला नळी लावून. मरणाच्या दारातून वापस आलो. म्हणून तर म्हणतो, टीबी मला होऊच शकत न्हाई. मी पक्का झालोय."

टीबी झाला होता. थुंकीत सापडला होता, छातीच्या फोटोत दिसला होता, गोळ्याही चालू झाल्या होत्या. मान्य नव्हता तो फक्त रखमाजीला. पावसाळाभर खोकला अंगावर काढला, तोही याच पक्केपणाच्या ऐटीत.

"एका आजारातून उठलं म्हणजे शरीर दुसऱ्याला तयार असतंच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "करोना होऊन गेलेल्या काही जणांत टीबीशी लढायची शरीराची रीतच बदललेली दिसते. कुणात किती आणि कशी, ते अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणून अभ्यासासाठी तुमचं थोडं रक्त हवंय. नको असेल तर नका देऊ, उपचार चालूच राहतील."

"न्हाई देत," म्हणून रखमाजी उठलाच. बरोबर आलेला त्याचा मुलगा कल्याण त्याच्या मागोमाग बाहेर पडला.

मोटारसायकलवर मागं बसून हसनाबादला घरी येईपर्यंत म्हातारा धुसफुसत होता. राग डॉक्टरचा नव्हता. डॉक्टरचं खरं मानलं, तर त्याची सगुणा खोटी ठरत होती.

मेंढरं होती तेव्हाची गोष्ट. कळपात देवीचा रोग आला की जी मेंढरं त्यातून उठायची, त्यांच्या पाठीवर त्याची बायको सगुणाबाई गेरूचा गोल ठिपका द्यायची. मग रखमाजी ज्याच्या शेतात कळप बसवील त्याला छाती फुगवून सांगायचा, "ही तांबडी बघा, पक्की! आता यांना कशाचंच भ्या न्हाई." काय दिवस होते ते! पुढं कळप, मागून घोड्यावर बिऱ्हाड, आणि संध्याकाळी मुक्कामावर तिच्या चुलीचा धूर लांबूनच दिसायचा.

करोनातून तो घरी आला, तेव्हा सगुणाबाईनं त्याला दारातच थांबवलं, पाठमोरा केला आणि पांढऱ्या सदऱ्यावर अंगठ्यानं गेरू टेकवला. तो कावला, मग दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्या दिवसापासून संध्याकाळी तो घरात आला की ती आधी त्याचा कान धरायची. म्हातारपणी हिला चाळे सुचायलेत, म्हणून तो चिडवायचा. ती गेली त्याला दोन उन्हाळे झाले. सदरा त्यानं धुऊ दिला नव्हता.

दिवेलागणीला मेहुणी सुगंधाबाई विचारपूस करायला आली. रखमाजीनं पेटीतला सदरा तिच्या पुढ्यात टाकला.

"ती डॉक्टरीण तुझ्या बहिणीला खोटं ठरवून राह्यली. ह्यो ठिपका बघ. पक्का केल्ता तिनं मला."

सुगंधाबाईनं सदरा मांडीवर घेतला. त्या गेरूवरून हात फिरवता फिरवता तिला हसूही आलं आणि रडूही.

"दाजी, तुम्ही कायम कळपाच्या पुढं. मागं मुक्कामावर काय चालायचं, तुम्हाला काय ठावं? पक्की कशाची आलीत ती? देवी त्यांना परत येत न्हाई, तेवढंच. पण आतून पार हललेली असत्यात. जरा वारं लागलं की बसलीच. सांजच्याला येवढ्या गर्दीत ती लांबूनच दिसावी म्हणून ताई गेरू लावायची. त्यांना आधी पाणी, आधी पाला. आणि एकेकीचा कान धरून बघायची, ताप हाय का म्हणून."

रखमाजीचा हात आपसूक कानाकडं गेला. गेले कितीतरी महिने संध्याकाळ झाली की त्याचं अंग कसकसायचं. खोकला तर नंतर लागला होता.

"मला वाटायचं, चाळे करती," तो म्हणाला, आणि पोरासारखा रडला.

मग तोंड पुसून त्यानं अंगणातल्या कल्याणला हाक मारली.

"उद्या परत जालन्याला जाऊ. रक्त द्यायचंय." कल्याण जवळ आला, तसं त्यानं डोकं त्याच्यापुढं वाकवलं. "आणि जरा माझा कान धरून बघ, लेकरा. ती गेल्यापासून कुणी बघितलाच न्हाई."