कॅम्परच्या भिंतीतला गिझर

मित्रांनो, अर्विड होगस्टाडच्या शेडमागे गवतात आडवा पडलेला, दार निखळलेला जो पत्र्याचा डबा दिसतो, तो मी. गॅसवर चालणारा गिझर. घरातला नव्हे, गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या खोलीतला, कॅम्परमधला. आता चिमण्या माझ्यावर येऊन बसतात. थोडा वेळ चिवचिवतात आणि उडून जातात.

माझा जन्म अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. पोटात टाकी, खाली जाळाची नळी आणि पुढे जाळीचे दार, एवढाच माझा संसार. कॅम्परच्या भिंतीला चौकोनी भोक पाडून मला त्यात सरकवले, कडेने चिकट पट्टी दाबली आणि स्क्रू आवळले. तोंड बाहेर, पाठ आत. आतल्या माणसांसाठी मी पलंगाखालच्या फळीआड होतो आणि बाहेरून जाणाऱ्यांसाठी नुसते एक पांढरे दार. नळाला गरम पाणी आले की गिझरची आठवण कोणी काढत नाही. थंड आले की सगळे काढतात.

तो कॅम्पर ओरिन आणि वर्लीन या नवराबायकोने घेतला. त्यांचे घर नॉर्थ डकोटात, वाऱ्याला अडवायला एक झाड नाही अशा माळावर. दर वर्षी थंडी तोंडावर आली की ते कॅम्पर जोडून रेड रिव्हरच्या खोऱ्यात बीटच्या हंगामाला जात. तिथे साखरेच्या बीटाचे घराएवढे ढीग लागत आणि दिवसरात्र ट्रक येत. ओरिन ढीग रचणारे यंत्र चालवी. वर्लीन चिखलात उभी राहून ट्रकवाल्यांना हातांनी खुणा करी. पाळी संपवून दोघे परतत तेव्हा त्यांच्या बोटांना बुटाची नाडीही सोडवत नसे.

"आधी तू जा," ओरिन दर वेळी म्हणे. "मला घाई नाही."

माझी टाकी लहान. वर्लीनची आंघोळ होईपर्यंत ऊन पाणी संपत येई आणि ओरिनच्या वाट्याला कोमट उरे. तो तेवढ्यात भागवी. मला मात्र फार वाटे, की अजून एक बादलीभर जागा माझ्या पोटात असती तर!

एका हंगामात आजूबाजूच्या बऱ्याच कॅम्परांतले गिझर बंद पडले. वर्लीन शेजारणीला ऐटीत सांगत होती, "आमचा म्हातारा अजून भडभड तापतो बाई!"

"कोण म्हातारा?" ओरिन आतून ओरडला.

"तू नव्हे रे! तू कधीच थंड पडलायस."

त्या दिवशी मी किती फुललो होतो म्हणून सांगू! माझे कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

हंगाम संपून घरी आले की ओरिन माझे दार उघडी, खालचे बूच काढी आणि पोटातले सगळे पाणी सोडून देई. जाळाच्या नळीत कोळ्यांनी केलेली जाळी ब्रशने काढी. मग दार लावून त्यावर थाप मारी. हिवाळाभर मला ती थाप पुरे.

एके वर्षी मात्र हंगाम अर्धाच राहिला. ओरिनच्या छातीत दुखू लागले. वर्लीनने यंत्रावरून त्याला उतरवून घेतले, तडक इस्पितळात नेले आणि मागाहून कोणीतरी कॅम्पर घरी आणून सोडला. ओरिन परत आला नाही. घरासमोर गाड्या उभ्या राहिल्या, काळ्या कपड्यांतली माणसे झाकलेली भांडी घेऊन आली, आणि गेली. गोठ्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या कॅम्परकडे कोणी फिरकले नाही. माझ्या पोटात पाणी तसेच होते.

मित्रांनो, गोठताना पाणी फुगते. आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल. तिच्यात लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते. मी होता होईल तो धीर धरला. मग एका सकाळी माझी टाकी फाटली. आवाज फार मोठा नव्हता. ऐकायला कोणी नव्हतेही.

उन्हाळ्याच्या तोंडावर वर्लीन आली. एकटीच. तिने नळी जोडून पाणी सुरू केले आणि पलंगाखालून ओघळ निघाले. तिने फळी काढून हात घातला, तर खालचे लाकूड ओल्या पावासारखे दबले. ती पायरीवर जाऊन बसली. तेवढ्यात लेकीचा, कारीचा, फोन आला.

"आई, विकून टाक ना तो. एकटी कुठे जाणार आहेस?"

"बघते."

"बघते म्हणजे काय? दर वेळी बघते!"

"बघते म्हणजे बघते," म्हणून वर्लीनने फोन ठेवला. मग खूप वेळाने तिने दिराला बोलावले.

अर्विड म्हणजे ओरिनचा थोरला भाऊ. पलीकडच्याच शेतावर एकटा राहणारा, महिन्याचे बोलणे एका दिवसात आटपणारा. त्याने माझे दार उघडले, आत डोकावला आणि मान हलवली.

"गेलाय हा. नवा बसवायचा?"

"नको. एकटीला किटली पुरते," वर्लीन म्हणाली. "काढ आणि भोक बंद कर. पावसाचा थेंब आत येता कामा नये."

अर्विडने आधी गॅसची टाकी बंद केली, मग माझी तार सोडवली. आत वर्लीनने गुडघ्यांवर बसून दोन्ही पाण्याच्या नळ्या खोलल्या आणि त्यांच्या तोंडांना झाकणे बसवली. गॅसच्या नळीलाही पितळी टोपी लागली. त्यावर साबणाचे पाणी सोडून, कुठे बुडबुडा येतो का, ते दोघांनी दोनदा पाहिले. मग स्क्रू निघाले. जुनी चिकट पट्टी मला सोडेना. अर्विडने पटाशीने कड उचकटली, वर्लीनने आतून ढकलले, आणि मी भिंतीतून निघून गवतावर आलो.

ज्या घरात जन्म काढला ते मी तेव्हा पहिल्यांदा बाहेरून पाहिले. केवढेसे होते ते! आणि त्याच्या कुशीला माझ्या मापाचे काळे भोक.

भोकाच्या आत वर्लीनचा चेहरा होता, बाहेर अर्विडचा. अंत्ययात्रेच्या दिवसापासून दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलेही नव्हते.

"माझीच चूक," वर्लीन म्हणाली. "तो दर वर्षी पाणी काढायचा. मला सुचलंच नाही."

अर्विड ओले लाकूड खरवडत राहिला. मग त्याचा हात थांबला.

"मी आलो होतो. बर्फ पडायच्या आधी. पाना घेऊन आलो होतो."

"मग?"

"इथं उभा राहिलो. वाटलं, पाणी काढलं म्हणजे हा कॅम्पर आता कुठं जाणार नाही. ओरिन आता कुठं जाणार नाही." त्याने बाहीने नाक पुसले. "तसाच परत गेलो."

वर्लीनने भोकातून हात बाहेर काढला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. त्यानेही कामाची घाई केली नाही. इतकी वर्षे मी त्या जागी बसून होतो, पण आतल्या माणसाचा हात बाहेरच्यापर्यंत पोचवणे मला कधी जमले नव्हते.

लाकूड सुकायला त्यांनी भोक काही दिवस उघडेच ठेवले. मग अर्विडने नवी चौकट ठोकली, आत थंडी अडवायला लोकर भरली, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा मापाने कापून बसवला. वर्लीन म्हणाली, "कोपऱ्यात दाब. अजून. ओरिन असता तर ओरडला असता." स्क्रू आवळून झाले, कडा डांबरासारख्या लेपाने भरल्या. वर्लीनने पाइपने भिंतीवर पाण्याचा मारा केला आणि आत जाऊन हात फिरवला. कोरडे! मला अर्विडने आपल्या गाडीत टाकून इथे आणले.

बीटचा हंगाम आला. एका दुपारी कॅम्पर या रस्त्यावरून आला आणि अर्विडच्या फाटकापाशी थांबला.

"खुणा करायला माणूस हवाय त्यांना," वर्लीन गाडीच्या खिडकीतून म्हणाली. "चल."

"या वयात?"

"तुझ्याहून म्हातारे येतात तिथं."

"गाईंचं कोण बघणार?"

"बरं," ती म्हणाली. मग तिने गाडी सुरू केली. कुशीचा नवा पत्रा उन्हात लकाकला. धूळ खाली बसली तरी अर्विड फाटकापाशी उभा होता. नंतर तो शेडमागे आला, पाय लांब करून माझ्यावर बसला आणि तंबाखूचा पाइप ओढत राहिला. आता तो कधीमधी येतो.

मित्रांनो, यंत्राची निगा ठेवा, थंडीआधी त्याच्या पोटातले पाणी काढा, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणे आहे. तुमच्या शेजारी असे घर असेल, जिथे ही कामे करणारे माणूस नुकतेच गेले आहे, तर त्या दारापासून परत फिरू नका. दार वाजवा. "पाणी काढलंय का?" एवढेच विचारा. आणि उत्तर काहीही येवो, थोडा वेळ तिथे बसा.