हात ताईचा, नंबर माझा

डॉक्टरसाहेब, माझ्या बहिणीची एक किडनी तुम्ही काढून घेतलीत आणि त्याच दिवशी तिला विसरलात. रागाच्या भरात लिहितोय असं समजू नका. राग आहेच, पण तो उतरल्यावरही ही गोष्ट तशीच राहते. तुमच्या कपाटात माझी चार बोटं जाडीची फाईल आहे आणि तिच्या नावाची एकही नाही. लबाडी मी केली, तीही सांगतो. काही लपवत नाही.

मी छापखान्यात कटिंग मशीनवर आहे. पाचशे कागदांची थप्पी पात्याखाली सरळ लावायची आणि दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, की पातं खाली येतं. एका हाताने ते हलत नाही, म्हणजे दुसरा हात चुकून आत राहत नाही. हे काम मला येतं, दुसरं येत नाही. ऑपरेशननंतर दोन वर्षं मला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं होतं, गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. कोणी वाईट वागत नव्हतं, तेच वाईट होतं. मी जरा वाकलो की कोणीतरी धावायचं, "तू राहू दे रे, तू राहू दे." माझा कप वेगळा ठेवला होता, काळजीपोटी, त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. शेवटी शेवटी तो ठिपका बघून मला चहाच नकोसा झाला.

घडीच्या मशीनवर एकजण आहे. सगळ्यांना टोचतो म्हणून त्याला टाचणी म्हणतात. माझ्याशी पूर्वीसारखा बोलणारा तो एकटाच.

"बहिणीची किडनी ना? मग आता मालिका बघून रडू येतं का?"

"येतं. तुझं तोंड बघून जास्त येतं."

सगळे हसायचे, मीही हसायचो. घरी आल्यावर मात्र आरशासमोर शर्ट वर करून पोटाच्या उजवीकडचा तो फुगवटा बघत उभा राहायचो. परक्या घरी आलेली ती, तिला इथे करमतं का, माझ्यावर चिडली तर काय करायचं, असले विचार यायचे. एकदा हे मी तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "पाणी भरपूर पीत जा."

दोन वर्षांनी मशीन परत मिळालं, पण अटीवर. दर सहा महिन्यांनी तुमच्या सहीचा फिटनेसचा कागद आणायचा. कागद नाही तर खुर्ची.

माझ्या गोळ्या सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. त्या नव्या किडनीला शरीराने परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी असतात, त्यात पुढेमागे चालत नाही. पण यंदा कामाची घाई सुरू झाली आणि पाळी सकाळी सातची झाली. आठला माझ्या मोबाईलचा गजर मशीनवरच वाजायचा. टाचणी ओरडायचा, "सायरन झाला, बाहेर पडा रे." फोरमन म्हणाला, "हे मशीनवर नको." त्याचंही चुकत नव्हतं. मी हातमोजा काढून, डबी उघडून, सगळ्यांसमोर गोळ्या गिळायचो, तेव्हा आजूबाजूचे आवाज कमी व्हायचे. ते मला सहन होईना. मी गजर बंद केला. गोळी साडेदहाच्या सुट्टीत घ्यायला लागलो. दोनदा तर साफ विसरलो.

सतरा दिवस असं चाललं आणि तपासणीची तारीख आली. किडनीचा आकडा बिघडलेला येणार, तुम्ही सही करणार नाही, मी परत खुर्चीत. तीन रात्री झोप नाही. शेवटी ताईकडे गेलो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करते, दिवसभर उभी. तिच्या स्वयंपाकघरात मी सगळं सांगितलं. तिने भांडी पुसता पुसता ऐकलं.

"किती दिवस?"

"सतरा."

"गाढवा."

पुढची दोन ताटं तिने पुसून ठेवली. मग म्हणाली, "माझं रक्त दे."

"काय?"

"गट एकच आहे आपला. तुझ्याकडे एक आहे, तिची जोडीदारीण माझ्याकडे आहे, चांगली ठणठणीत. तिचा आकडा चांगलाच येणार. तू उद्यापासून गोळ्या वेळेवर घे, म्हणजे झालं."

"आणि पकडलं तर?"

"तिथे बघतं कोण?"

आणि खरंच कोणी बघितलं नाही. तुमच्या रक्ततपासणीच्या खिडकीत कमरेएवढ्या उंचीवर एक फट आहे. चिठ्ठी सरकवायची, हात आत सारायचा. आतल्या माणसाला नंबर दिसतो आणि शीर दिसते. चिठ्ठीवर 'पुरुष' लिहिलं होतं. ताईच्या मनगटावर इस्त्रीचा जुना चट्टा आहे, नखांना रंग होता. आतून आवाज आला, "मूठ वळा. झालं. पुढचा." जिना उतरताना आम्ही शाळा चुकवलेल्या पोरांसारखे हसत होतो.

एक गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. माझी गोळी रक्तात किती आहे तेही त्याच रक्तातून मोजतात, आणि ताई त्या गोळ्या खात नाही.

मंगळवारी तुमच्यासमोर बसलो. ताई बरोबर होती, नेहमी असते. तुम्ही रिपोर्ट बघितलात आणि चष्मा काढलात.

"औषधाचं प्रमाण शून्य. शून्य कळतं ना? गोळ्या बंद केल्यात तुम्ही."

मला हसू यायच्या बेतात होतं. केवढी मोठी चूक आणि किती साधी.

"आणि क्रिएटिनिन दोन पॉइंट तीन." किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारा हा आकडा, जेवढा जास्त तेवढं वाईट. माझा एक पॉइंट तीनच्या वर कधी जात नाही. "या बाईने स्वतःचं अंग कापून दिलं आणि तुम्ही ते गटारात टाकलंत. आजच भरती व्हा."

मी ताईकडे बघितलं. ती पिशवीच्या बंदाला पीळ घालत होती.

"ते रक्त माझं आहे," ताई म्हणाली.

तुम्ही चिडलात. बरोबरच होतं, मी तुमच्या जागी असतो तर हाकलूनच दिलं असतं. मनसोक्त बोलून झाल्यावर तुम्ही तिच्याकडे वळलात. ऑपरेशननंतरच्या चार वर्षांत पहिल्यांदा.

"दुखण्यावरच्या गोळ्या घेता?"

"कंबरेसाठी. दिवसाला दोन. फार उभं राहावं लागलं तर तीन."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"एकच किडनी असलेल्या माणसाने त्या घ्यायच्या नसतात, एवढं माहीत नाही?"

"कोण सांगणार?" ताईने विचारलं.

तो टोमणा नव्हता, साहेब. ती खरोखर विचारत होती. तुम्ही कागदाकडे बघितलंत.

मला माहीत होतं. मला तुमच्या नर्सने पाच वेळा सांगितलंय, माझ्या फाईलवर चौकटीत छापलंय. आणि ताईच्या पर्समधून ती गोळ्यांची पट्टी मी स्वतः काढून दिलेली आहे तिला, पाण्याच्या ग्लासासकट. तिचीही एकच आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. माझ्या लेखी तिने दिली ती किडनी होती, उरलेली ती ताई होती. हा माझा गुन्हा. तो तुमच्यावर ढकलत नाही.

बाहेर जिन्यावर बसलो.

"रोज इतकं दुखतं म्हणून सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू तोंड पाडून बसला असतास. मग तुझीच समजूत काढत बसायची मी. आणि तुझे दाजी म्हणाले असते, बघ, मी सांगत होतो, देऊ नकोस." ती थोडी हसली. "तू तरी कुठे सांगितलंस, गोळी घ्यायची लाज वाटते म्हणून?"

चार वर्षं आम्ही एकमेकांना फोनवर रोज एकच वाक्य बोललो. कशी आहेस, बरी आहे. कसा आहेस, बरा आहे.

दोघांची तपासणी पुन्हा झाली, या वेळी ज्याचं रक्त त्याच्या नावाने. माझा आकडा एक पॉइंट चार, औषध जरा कमी. तिचा दोन पॉइंट दोन. माझ्या फाईलवर तुम्ही लाल शाईने लिहिलंत, 'रुग्ण भरवशाचा नाही', आणि सही नाकारलीत. मी परत दाराजवळच्या खुर्चीत आहे. पहिल्या दिवशी चहा आला तेव्हा सगळ्यांच्या कपांवर लाल ठिपके होते. टाचणीच्या बोटांनाही लाल रंग लागला होता. "आठला गजर लाव," तो म्हणाला, "आम्हालाही चहाची आठवण राहते." मला हे आधी मागता आलं असतं. मागितलं नाही.

तर माझी शिक्षा मला कबूल आहे. आता ताईचं बोलू.

तुम्ही तिला दर महिन्याला यायला सांगितलंत. तिच्या सूचना लिहायला कागद नव्हता म्हणून माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिल्यात. ती घेऊन आम्ही नोंदणीच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "आजार काय?"

"किडनी दिली," ताई म्हणाली.

"कोणाला?"

"याला."

"मग यांची फाईल आणा."

"यांची आहे. माझी हवी."

बाईंनी संगणकात शोधलं. "दात्याची फाईल ऑपरेशननंतर बंद होते. ही बघा नोंद, 'बरे होऊन घरी गेले'. बंद फाईल मला उघडता येत नाही. मोठ्या डॉक्टरांची सही लागेल."

आम्ही तीनदा तुमच्या दारात आलो. तीनदा आतून निरोप आला की माझी तारीख अजून लांब आहे. माझी तारीख. ताईने लाँड्रीतून तीन अर्ध्या दिवसांच्या सुट्ट्या काढल्या, गोळी न घेता कंबर धरून तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली आणि उठली. जाताना मलाच म्हणाली, "तू जास्त मनाला लावून घेऊ नकोस."

मी लावून घेतोय. ती तुमच्या दारात आली तेव्हा धडधाकट होती, म्हणून तर तुम्ही तिला निवडलंत. मग जी आजारी नव्हती, ती 'बरी होऊन' घरी कशी गेली? ती नोंद कोणी केली? आणि आज तिच्या फाईलचा नंबर काय?

येत्या मंगळवारी अकरा वाजता आम्ही दोघं तुमच्या दारात उभे असू. या वेळी निरोप नको. बाहेर या, तिच्याकडे बघा आणि उत्तर द्या.