न्हाणणारीनं सांगायचं नसतं

ओरिन्शाने मयत कुशीवर वळवलं आणि तिचा हात जागीच थांबला. काखेपासून मांडीपर्यंत अंग काळंनिळं पडलं होतं. दंडावर तर कुणी आवळून धरल्यासारखे डाग होते.

"पाणी ओत," ती सुनेला म्हणाली.

मोल्दिर तांब्या धरून नुसती बघत होती. मयत न्हाणायची तिची ही पहिलीच वेळ.

किझिलोर्दा शहराच्या त्या वस्तीत बायकांची मयतं न्हाणायला चाळीस वर्षं ओरिन्शालाच बोलावणं येई. आज पाटावर रिसगुल होती, दोन घरं सोडून राहणारी, हसरी, धट्टीकट्टी बाई. चार दिवसांच्या तापात गेली, असं घरचे सांगत होते. नाकातून रक्त मात्र अजून पाझरत होतं. ओरिन्शाने तीनदा कापूस बदलला. तिच्या हातांवर चढवलेल्या पांढऱ्या कापडी पिशव्या भिजून लाल झाल्या, तशा मोल्दिरने त्या पिळून पुन्हा चढवल्या.

पायाशी बसलेली रिसगुलची थोरली बहीण काबिरा दातओठ खात होती.

"कसला ताप? तिच्या नवऱ्यानं, त्या तुरारनं मारलंय माझ्या बहिणीला. आत्ता जाऊन थुंकते त्याच्या तोंडावर."

"थुंक की. मग उद्या अख्खी वस्ती हिच्या अंगाचे डाग मोजत बसेल," ओरिन्शा म्हणाली. "हिच्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय, विसरलीस?"

काबिराने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

"मयताच्या अंगावर दिसलं ते न्हाणणारीनं सांगायचं नसतं. तूही ऐक, मोल्दिर. नवऱ्यालासुद्धा नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर ओरिन्शाचा भारी विश्वास. तिच्या पोटात वस्तीतली किती गुपितं होती ते तिचं तिलाच ठाऊक. पण त्या दिवशी तिचाही संताप झाला होता. अंगणात तुरारने चहाचा वाडगा पुढे केला, तेव्हा ती त्याच्याकडे न बघताच निघून आली.

सहाव्या दिवशी दुपारी साथरोग खात्याची डॉक्टर दारात आली. बायान तिचं नाव, वय तिशीच्या आतलं. बूट काढून ती उंबऱ्याच्या आत आली आणि वही उघडून उभी राहिली.

"आपा, रिसगुलबाईंना तुम्ही न्हाणलंत ना? त्यांच्या अंगावर काळेनिळे डाग होते?"

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर विचारतेय. काबिराबाई दारच उघडत नाहीत, तुरार तापानं शुद्धीवर नाही."

"दुधासारखं स्वच्छ अंग होतं तिचं," ओरिन्शा म्हणाली. हे उत्तर तिने आजवर प्रत्येक मयतासाठी दिलं होतं.

बायानच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिने वही मिटली आणि बूट घालू लागली.

"बरं झालं. लेकीच्या लग्नाला म्हणून माळावरनं मेंढरं आणून गॅरेजमध्ये बांधली होती त्यांनी. बाई रोज त्यांच्या अंगावरचे गोचीड काढून नखावर चिरडायच्या, शेजारी सांगतात. गोचिडांपासून येणारा तो वाईट ताप असला तर अंग असं काळंनिळं पडतं, रक्त थांबत नाही. मग त्या रक्ताला हात लावलेल्या प्रत्येकीला मला आजच उचलून न्यावं लागलं असतं. उशीर झाला की आमच्याही हातात फारसं उरत नाही."

आतल्या खोलीत मोल्दिर कालपासून पडून होती. डोकं फुटतंय, म्हणत होती. ओरिन्शाने तिला सकाळी मेंढीच्या हाडांचा रस्सा पाजला होता आणि उन्हाचा त्रास असेल, असं स्वतःलाच समजावलं होतं.

बायान पायरी उतरली. फाटकाची कडी वाजली.

"पोरी," ओरिन्शाने हाक मारली. "परत ये. मी खोटं बोलले. माझी सून आत आहे, तिला ताप आहे."

बायान धावत आली. या वेळी तिने बूट काढले नाहीत, ती सतरंजीवरून तशीच आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. ओरिन्शा तिच्यामागून आत शिरायला लागली.

"तुम्ही तिथेच थांबा, आपा," बायान मागे न वळता म्हणाली. "आणि आता कुणालाही हात लावू नका."